तिसरा कौल

नाशिकला जाऊन आले म्हटलं की आमच्या आजऱ्याकडची माणसं लगेच विचारतात, "त्र्यंबक झालं का? काळाराम? सीतागुंफेत वाकून शिरलात की नाही?" यातलं काहीएक मी पाहिलेलं नाही. मी सायखेड्याला बहिणीच्या मळ्यात राहून आले आणि गंगापूर रोडवर एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जाऊन आले. त्या मजल्यावर जायची वेळ तुमच्यावर आलेली नसेल, म्हणून हे लिहिते.

आधी माझी ओळख सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझी उभी हयात दूध संघाच्या संकलन केंद्रावर गेली. कॅनचं झाकण उघडलं की डोक्यात पहिला विचार एकच, यात पाणी किती? वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होतं ते बघायचं असेल तर मला बघा. निवृत्त झाले तरी सवय जात नाही. कुणी गोड बोललं की मला वाटतं, लॅक्टोमीटर कुठाय?

मंदा माझी धाकटी बहीण. मला गावातच दिली, तिला पोरवयात थेट सायखेड्याला. नवरा दत्तूराव, गंगेकाठी (गोदावरीला तिकडे गंगाच म्हणतात) फुलं आणि भाजीपाल्याचा मळा. माणूस सोन्यासारखा. या सगळ्याच्या दोन वर्षं आधी हृदयाच्या दुखण्यानं गेले. लेक कळवणला दिलेली, तेव्हा मंदा घरात एकटी. तिला मग धडधड सुरू झाली. छातीत घोडी पळायची म्हणे, हातपाय गार पडायचे. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं ठीक. शेवटी डॉक्टरांनी तिला एका बाईकडे पाठवलं.

मोबाईल तेव्हा आमच्या गावात फक्त सरपंचाकडे होता. मी एसटीडी बूथवरून फोन लावला.

"आक्का, आता मी एका मॅडमकडं जाते," मंदा म्हणाली. "गोळी नाय, सुई नाय. नुसतं बोलायचं."

"आणि फी?"

"फी घेत्यात की."

"मंदे, बोलायची फी? थांब तिथंच. मी येते."

निघण्याआधी मी देवीला कौल लावला. आमच्याकडे कुठलंही मोठं काम कौलाशिवाय होत नाही. गुरव देवीच्या मूर्तीवर उजवीडावीकडे ओली फुलं चिकटवतो, आपण प्रश्न घालायचा. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मी प्रश्न घातला, "मंदाला कायमची माहेरी घेऊन येऊ का?" उजवं फूल टपकन पडलं. ते रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं आणि रातराणी एसटीत बसले. देवीनं हो म्हटल्यावर राहिलं काय? मंदाची पिशवी भरायची आणि तिला घेऊन यायचं.

सायखेडा

सकाळी नाशिकला उतरले तर स्टँडवर मंदाचा दीर भाऊसाहेब जीप घेऊन हजर. फुलबाजारात क्रेट उतरवून परस्पर आला होता. आधी मला मिसळ खायला घेऊन गेला. आता मिसळीबद्दल आम्हा कोल्हापूरकडच्यांना शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखं. पण बशीत पापड, वाटीत दही, बरोबर पाव! मी म्हटलं, "ब्रेड नाही?" वाढणारा माझ्याकडे असा बघायला लागला की मीच खाली बघून खायला लागले. तर्री तिखट नव्हती. चव मात्र होती, खोटं कशाला बोलू.

चांदोरीच्या पुलावरून सायखेड्यात शिरताना भाऊसाहेब म्हणाला, "आक्का, वैनीचं काय ठरतंय ते तुमीच बघा. मी म्हन्लं, तुमी सांगाल ते करतो. रान कसा, विका, माहेरी जा. तर म्हनत्यात, मला इचार करू द्या. लय बदलल्या."

मी लगेच कान टवकारले. पंचवीस वर्षं दुसऱ्यानं सांगितलं ते करणारी मंदा विचार करू द्या म्हणते? आणि रान विकायची गोष्ट कुणी काढली, यानं की त्या बाईनं? दूध कुठं नासलंय ते शोधलंच पाहिजे होतं.

मंदा मळ्यातच भेटली. डोक्याला फडकं, हातात विळा. झेंडू कळ्या धरून उभा, पलीकडे शेवंती हिरवीगार. मला बघून धावत आली, गळ्यात पडली. वाळली होती. पण डोळ्यांखालचं काळं कमी झालं होतं, हे मी टिपून ठेवलं. बाजरीची गरम भाकरी, गवारीची भाजी, वर शेंगदाण्याचं तेल आणि खरडलेली मिरची, असं बांधावरच जेवलो. आमच्याकडे मिरची तव्यावर रगडतात आणि त्यात लसूण भरपूर घालतात. इथं लसणाला हात आखडता. मी तसं म्हटलं तर मंदा म्हणाली, "आल्या आल्या तपासायला लागली का?"

जेवण झाल्यावर मी मुद्द्यावर आले. "काय सांगते ती बाई?"

मंदानं मातीचं एक ढेकूळ कुस्करलं. मग म्हणाली, "आक्का, ते दवाखान्यात व्हते ना, तवा डॉक्टर म्हन्ले, आपरेशन करायचं का, लगेच सांगा. मी म्हन्लं, भाऊसाहेबांना इचारते. भाऊसाहेब टमाट्याची गाडी घेऊन वाशीला. डॉक्टर परत आले. मी म्हन्लं, थोडं थांबा. ते येईस्तोवर सगळं आटपलं."

"त्यात तुझा काय दोष?"

"सगळे तेच म्हनत्यात. तू म्हनतीस, भाऊसाहेब म्हनत्यात, लेक म्हनती. मॅडम नाय म्हनल्या."

"म्हणजे?"

"त्या म्हनल्या, तुम्ही काही ठरवलं नाही, हेसुद्धा ठरवणंच होतं आणि ते तुमचं होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विधवा बाईच्या तोंडावर असं बोलायचं? वर फी घ्यायची? मी तिथंच उभी राहिले. "उद्याच त्या बाईचं पाणी जोखते!"

"आक्का, ऐक तरी," मंदा म्हणाली. "त्या दिवशी मला पहिल्यांदा झोप लागली."

ते ऐकून तर माझा संशय दुप्पट झाला. शिव्या देऊन झोपवणारी विद्या मी कुठं ऐकली नव्हती.

गंगापूर रोड

दुसऱ्या दिवशी "बाजार बघते" असं सांगून मी एकटीच भाऊसाहेबाच्या जीपमध्ये बसले. गंगापूर रोड म्हणजे झाडं, बंगले, नवनव्या इमारती. आमच्या गावात घराचं दार उघडं असलं की माणूस घरात आहे. इथं दारं बंद आणि आत सगळे हजर. पत्ता भाऊसाहेबाकडून घेतला होता. जिना चढले, पहिल्या मजल्यावर पाटी बघायच्या आत एका मुलीनं विचारलं, "नाव नोंदवलंय? नाही? बसा, लगेच घेतात."

माझ्या मनात आलं, बघा, गिऱ्हाईक पकडायची घाई! मला आत एका आडव्या खुर्चीवर बसवलं. डोळ्यांवर दिवा. तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस वाकून म्हणाला, "कुठं दुखतंय?"

मी तयारीनंच आले होते. म्हटलं, "माझं काही दुखत नाही. माझ्या बहिणीचं दुखतंय. आणि तुम्ही तिच्या मनात जे भरवताय ना..."

"आ करा," तो म्हणाला. मी बोलायला तोंड उघडलंच होतं, त्यात त्यानं आरसा घातला. "खालची दाढ गेलीय," म्हणाला. मग माझ्या लक्षात आलं की मी मजला चुकलेय. तो बिचारा भला माणूस. वर जायचं आहे म्हटल्यावर हसला आणि दाढेला लवंगतेल लावून सोडलं.

वरच्या मजल्यावर पाटी होती: वर मंदाच्या मॅडमचं नाव, शैला, खाली "अस्तित्ववादी समुपदेशन". मी दोनदा वाचलं. अस्तित्व म्हणजे काय, तर आपण असणं. ते रेशनकार्डावर लिहिलेलं असतं, त्याला समुपदेशन कशाला? दार उघडलं. साधी बाई, सुती साडी, चष्मा, माझ्याहून थोडी लहान. खोलीत सारख्या उंचीच्या खुर्च्या, पाण्याचा तांब्या, घड्याळ. देवाचा फोटो नाही, महाराजांचा नाही, तिचा स्वतःचाही नाही. हे मला जास्तच खटकलं. लबाड माणूस निदान एक फोटो तरी लावतो.

"मी मंदाची मोठी बहीण. तुम्ही तिला काय शिकवताय ते मला कळलं पाहिजे."

"मंदाताईंबद्दल मी त्यांच्या पाठीमागे काही बोलणार नाही," बाई शांतपणे म्हणाली. "त्यांची हरकत नसेल तर त्यांच्याबरोबर या."

"ती मी सांगेन ते ऐकते."

"म्हणूनच त्यांना विचारा," ती म्हणाली.

लवंगतेलानं बधिर झालेल्या तोंडानं मी जिना उतरले. चहासुद्धा विचारला नाही! जाताना ठरवलं, येणार, मंदाला घेऊन येणार, आणि पर्समधला कौल टेबलावर ठेवून हे प्रकरण मिटवणार.

मंदा लगेच हो म्हणाली. वर म्हणाली, "बरं झालं, मला बी तुझ्यासमोर एक सांगायचंय."

तर आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी त्या खुर्च्यांवर. तिथं काय चालतं ते सांगते, कारण मी सगळं बारकाईनं तपासलं. डोळे मिटायला लावत नाहीत. लहानपणी काय झालं ते खणत नाहीत, सांगितलं तर ऐकतात. मंदाला धडधड झाली की बाई "घाबरू नका" म्हणत नाही. "कशाची भीती वाटली?" विचारते. मंदा म्हणाली, "आपन बी असंच एक दिवस जानार, आन् तवा कुनी संगं नसनार." आमच्या घरात असं कुणी बोललं तर आपण म्हणतो, "काहीतरीच अभद्र!" आणि विषय बदलतो. या बाईनं विषय बदलला नाही. "हो," म्हणाली. "ते खरं आहे. मलाही त्याची भीती वाटते."

मी म्हटलं, "अहो, मग इलाज काय?"

"या भीतीला मी रोग म्हणत नाही," ती म्हणाली. "मरण आहे, आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि जगण्याचा अर्थ कुणी तयार करून हातात देत नाही. हे ज्याला जाणवतं त्याची छाती धडधडणारच. मंदाताई त्यापासून पळत होत्या, तेव्हा धडधड जास्त होती. मी वाट दाखवत नाही. बरोबर चालते."

मला ते थोडं कळलं, आणि कळलं म्हणून राग आला. आयुष्यभर मी दुधात पाणी शोधलं, ही बाई सांगत होती की दूधच असं असतं. "आणि ते दोष देणं?" मी विचारलं. "तिच्या जिवाला काय वाटलं असेल?"

उत्तर मंदानं दिलं. "आक्का, तुम्ही सगळे म्हनायचे तुझा दोष नाय, तवा मला वाटायचं, मी तिथं नव्हतेच. माझ्या हातात कायच नव्हतं, म्हंजे मी कोन? दगड? मॅडम म्हनल्या ते लागलं. लय रडले. पन वाटलं, मी व्हते तिथं. चुकले, पन व्हते."

मी पर्स उघडली आणि रुमाल टेबलावर ठेवला. "हे बघा. कौल घेऊन आलेय. देवीनं उजवा दिलाय. मंदा माझ्याबरोबर येणार."

बाईनं फुलाकडे आदरानं बघितलं, हे कबूल करते. "प्रश्न काय घातला होता?"

"मंदाला कायमची आणू का."

मंदानं खाली मान घातली. मग तिनं आपली छोटी पिशवी उघडली. कागदाच्या पुडीत एक वाळलेलं फूल. "आक्का, रागावू नको. तुझा फोन आला त्याच दिवशी मी बी पांडू गुरवाच्या घरी फोन लावला व्हता. म्हन्लं, माझ्या नावानं कौल लाव. इथंच राहू का, असं इचार. उजवाच आला. एसटीनं प्रसाद धाडला."

एकच देवी, एकच गुरव, दोघींना उजवा! आणि पांड्या माझ्या हातात फूल देताना तोंडातून ब्र काढत नाही! आता कुणाला विचारायचं? समोर बाई बसली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, आता तुम्हीच सांगा काय करायचं."

मी, जी त्या बाईचं पाणी जोखायला आले होते, ती हे बोलले!

बाई हसली नाही. "मी सांगितलं तर तो तिसरा कौल होईल," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मंदाताई आल्या तर तुमचं काय होईल? आणि नाही आल्या तर?"

"माझं काय व्हायचंय? माझा काय संबंध?" मी ताडकन बोलले. मग बोलतच सुटले. की आमचे हे गेले, मुलगा बंगळूरला, केंद्र सुटलं. की अजून पहाटे आपोआप जाग येते आणि तपासायला दूध नसतं. की दोन भाकऱ्या करायची सवय आहे आणि एक रोज शिळी होते. घरात कुणाच्या तरी पावलांचा आवाज हवा म्हणून मी मंदाला न्यायला आले होते, आणि ते मी देवीलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी रडले. फी देऊन रडले, हे विशेष. मंदा माझा हात धरून बसली होती. बाईनं तांब्यातलं पाणी दिलं. चहा याही वेळी नाही.

पित्तर

पितृपक्षात दत्तूरावांच्या तिथीचं जेवण होतं. आमच्याकडे त्याला म्हाळ म्हणतात, इथं पित्तर. भाऊसाहेबाच्या बायकोनं आणि मी पहाटेपासून रांधलं: खीर, कढी, भजी, कुरडई, गवार, कारलं. आमच्याकडे आमसुलाची चटणी असते, इथं नाव काढलं तर कुणाला ठाऊक नाही. भाऊसाहेबानं घास पत्र्यावर ठेवला. आता कावळ्यानं शिवल्याशिवाय पंगत बसत नाही, ही रीत इथं आणि तिथं सारखीच.

कावळे बाभळीवर ढीगभर. खाली एक उतरेना.

भाऊसाहेब हात जोडून वर बघत म्हणाला, "दादा, काय मनात हाय? वैनीची काळजी वाटती का? त्यांना आक्का माहेरी नेत्यात, सुखात राहतील. ये." कावळा ढिम्म. "बरं, नाय नेत. इथंच राहतील, मी बघतो. ये." तरी ढिम्म. मंदाच्या जावेनं मंदाच्या लेकीचं नाव घेतलं. शेजारी म्हणाला, रान विकू नका म्हणा. कुणी म्हणालं, विका म्हणा. मीसुद्धा हात जोडले होते. कढी गार झाली, कुरडया मऊ पडल्या. सगळे मंदाकडे बघायला लागले, जणू कावळा तिच्यामुळेच अडला होता. मला धास्ती वाटली, आता हिची छाती धडधडणार.

तिचा चेहरा पांढरा पडला खरा. पण ती पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांना भूक लागंल तवा खातील. पानं वाढा."

"वैनी, असं कसं?" भाऊसाहेब.

"भाऊसाहेब, मी एकदा तुमची वाट बघत बसले. आता कावळ्याची नाय बघनार." आवाज चिरकत होता, पण थांबली नाही. "मी इथंच राहनार हाय. रान मीच करनार. चुकलं तर माझं चुकंल. बसा जेवायला."

ती सगळ्यांच्या आधी पानावर बसली आणि पहिला घास घेतला. घास घेताना रडत होती. थोड्या वेळानं भाऊसाहेब बसला, मग शेजारी, मग मी. मी तिच्या शेजारीच बसले. तिनं माझ्या पानात खीर वाढली आणि हळूच म्हणाली, "दसऱ्याला झेंडू तोडायला येशील?"

"देवीला विचारून..." माझ्या तोंडून सवयीनं निघालं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि पित्तराच्या पंगतीत आम्हाला हसू फुटलं. जाऊ डोळे वटारत राहिली. कावळा शेवटी आला की नाही, ते मी पाहिलंच नाही. आयुष्यात तपासायची राहिलेली ती बहुधा एकच गोष्ट.

घरी

त्या बाईबद्दल माझं मत लोक विचारतात. चांगली आहे असं मी अजून म्हटलेलं नाही. उपदेश न करता फी घेणं मला पटत नाही, आणि पाहुण्याला चहा न विचारणं तर मुळीच नाही. मंदाची धडधड पूर्ण गेलेली नाही. फोनवर सांगते, येते अधूनमधून, मी कामाला लागते.

आल्यावर पहिल्यांदा पांडू गुरवाला गाठलं. सबंध नाशिकवर संशय घेतला, याच्यावर घ्यायचा राहिला होता. "पांडबा, दोघींना उजवा कसा रे?"

तो मान खाजवत गाभाऱ्याकडे बघायला लागला. "आक्का, तुम्ही दोघी ह्याच गावच्या लेकी. कुणाला डावं म्हणायचं?" ते देवीच्या वतीनं बोलला की स्वतःच्या, हे मी विचारलं नाही.

मग त्यानं घाईघाईनं फुलं भिजवायला घेतली. "बोला, काय विचारायचं?"

"ठेव ती फुलं खाली," मी म्हटलं. देवीसमोर उभी राहिले, पदर डोक्यावर घेतला. "आज विचारायला नाही आले. सांगायला आलेय. मंदा येत नाही. दसऱ्याला मी जातेय."